मेंदूसाठी ओमेगा-३: घरचं जवस का फिश ऑइलची कॅप्सूल?

मेंदूला ओमेगा-३ लागते हे आता मेडिकलवाला पण सांगते आणि मोबाईलवर पण रोज दिसते, त्याच्यानं ते पुन्हा सांगत बसत नाही. ज्यांचं अडलं ते इथं की जवस खायचं का कॅप्सूलची डबी आणायची, त्यांच्यासाठी लिहून राहिलो. आमच्या घरी आईसाठी आणि माझ्यासाठी दोन्ही वापरून झालं आहे.

आधी कॅप्सूलची बाजू, कारण ती खरंच वजनदार आहे. मेंदूतलं पाणी सोडलं तर उरलेल्यातला साधारण निम्मा भाग स्निग्ध पदार्थच आहे, पण तो सगळा काही ताटातून जात नाही. कोलेस्टेरॉलच पाहा ना, मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के आणि शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० ते २५ टक्के त्याच्यातच, बरंचसं नसांवरच्या मायलिनच्या वेष्टनात. पण ते मेंदू स्वतःच बनवते, रक्तातलं घेत नाही, म्हणून मेंदूसाठी तूप खा म्हणणाऱ्यांचं मला काही पटत नाही. डीएचए, म्हणजे मेंदूत सगळ्यात जास्त असणारं ओमेगा-३, त्याचं मात्र वेगळं आहे, ते रक्तातूनच यावं लागते. २२ कार्बनची साखळी, तिच्यात ६ दुहेरी बंध, आणि या बंधांमुळं साखळी वाकडी-तिकडी राहते, दाटून बसत नाही, त्याच्यानं पेशीचं आवरण नरम राहते आणि त्यात बसलेल्या प्रोटीनला हलायला जागा मिळते. दोन पेशींच्या जोडावर, जिथून निरोप पुढं जाते तिथं आणि डोळ्याच्या पडद्यात हे डीएचए खूप असते.

कॅप्सूल हे डीएचए तयार देते. साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ईपीए (हे दुसरं एक ओमेगा-३) १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असते, बाकी नुसतं तेल, म्हणून पुढचा मोठा आकडा पाहू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. जवसात मिळते ते एएलए, म्हणजे आखूड साखळीचं ओमेगा-३, १८ कार्बन आणि ३ बंध, त्याला लांब करून डीएचए बनवायचं काम लिव्हरला करावं लागते आणि त्यात फार थोडा हिस्सा शेवटपर्यंत पोचते, तरण्या बायांमध्ये थोडा जास्त, पुरुषांत कमी. इथं कॅप्सूल सरळ जिंकते, हे मान्य करायलाच पाहिजे.

पण मोठ्या माणसाच्या मेंदूला रोज नवीन डीएचए लागते किती? पेट (PET) स्कॅननं, म्हणजे पदार्थ मेंदूत किती जाते ते दाखवणाऱ्या तपासणीनं, मोजलेला आकडा ४ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. एक मोठा चमचा कुटलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या वर एएलए असते, त्यातला शंभरावा भाग जरी डीएचए झाला तरी १५ मिलिग्रॅम होते. हिशोब कागदावरचा आहे, प्रत्येकाच्या शरीरात तसाच होईल असं मी म्हणत नाही, पण जवस अगदीच फुकट जाते हे बोलणं मला जास्तीचं वाटते.

आता माझा निर्णय ज्यानं झाला ते सांगतो, खवटपणा. जे दुहेरी बंध मेंदूला कामाचे तेच हवेला आणि उष्णतेला आधी बळी पडतात, एएलएमध्ये ३ आहेत आणि डीएचएमध्ये ६, म्हणजे मासोळीचं तेल जवसापेक्षा लवकर खराब होणार. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर. डबी कुठल्या गोदामात पडून होती, कुरिअरच्या गाडीत किती तापली, गावात लाईट गेल्यावर दुकानात कशी राहिली, काही म्हणजे काही समजत नाही, कारण वरून जिलेटिनचं कव्हर आहे आणि वास आतच कोंडलेला. आमच्या घरी उन्हाळ्यात आणलेल्या डबीतल्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, एक फोडून वास घेतला तर नाकाला झोंबला, तारीख मात्र अजून बरीच बाकी होती. आईला तर दिवसभर तसेच ढेकर यायचे, ती गोळी पाहिली की तोंड फिरवायची. बाकी सगळं चाललं असतं, पण चांगलं का खराब हे खाणाऱ्याला कळूच नये, हे मला चालत नाही.

जवस खवट होत नाही असं नाही, कुटलेलं तर लवकरच होते. पण अख्ख्या दाण्यात तेल टरफलाच्या आत सुरक्षित राहते, आणि खराब झालं तर जिभेला पहिल्या घासात कळते. आमच्याकडं उभ्या धानाच्या बांधीत जवस फेकतात, नवीन माल उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात येते. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून दोन-तीन दिवसांपुरतंच कुटायचं. अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडते. घाणीचं तेल आणत असाल तर लहान शिशी आणा, अंधारात ठेवा, फोडणीला वापरू नका, भाकरीवर कच्चंच घ्या. आणि रोजच्या भाजीत सोयाबीनचं तेल हात सैल सोडून पडत असेल तर तेही आवरा, कारण त्यातलं लिनोलेइक आम्ल (हे ओमेगा-६) एएलएला लांब करणाऱ्या त्याच एन्झाइमसाठी एएलएसोबत भांडते.

घरात कोणी पोटुशी असेल तर माझं ऐकू नका, शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूत डीएचए झपाट्यानं भरते, तिथं डॉक्टर म्हणतील ती कॅप्सूल घ्या, शाकाहारी असाल तर शेवाळाच्या तेलाची पण मिळते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी आधी विचारा, आणि मोठ्या डोसच्या फिश ऑइलनं काही जणांत हृदयाचे ठोके अनियमित व्हायचा धोका वाढते हेही लक्षात असू द्या.

विसरभोळेपणा बरा होईल म्हणून मात्र दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. २०१० साली अल्झायमरच्या ४०२ पेशंटवरच्या चाचणीचा निकाल आला, त्यात दीड वर्ष रोज २ ग्रॅम डीएचए दिलं होतं आणि घसरण काही थांबली नाही. आईचं विसरणं आमच्याकडंही तसंच आहे. पण जवसाची चटणी दह्यासोबत ती आवडीनं खाते, मागून घेते, आणि डबीचं तसं कधीच झालं नाही.