भाडं परवडेना, मग बोट की कॅरॅव्हॅन? इंग्लंडमधला रोकडा हिशोब

लंडन किंवा ब्रिस्टलमध्ये भाडंच अर्धा पगार गिळायला लागलं की माणूस कालव्याकडे बघायला लागतो. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रिटनमधली महागाई 11.1 टक्क्यांवर गेली. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर 2021 च्या डिसेंबरपर्यंत 0.1 टक्का होता, तो ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 टक्क्यांवर पोचला. घरमालकांचे हप्ते वाढले आणि त्यातलं बरंचसं ओझं भाडेकरूंच्या गळ्यात आलं. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही हा विषय निघतो: भाड्यापायी पैसे घालवण्यापेक्षा एखादी बोट घेतली तर? नाहीतर कॅरॅव्हॅन?

दोन्ही स्वस्त आहेत, हे अर्धसत्य आहे. त्याआधी स्वतःला एक विचारा. तुम्हाला भीती नेमकी कशाची आहे? भाडं वाढतच जाईल याची, की नोकरी जाईल याची? पहिल्या भीतीवर उपाय म्हणजे जिथून कोणी उठवणार नाही अशी जागा. दुसरीवर उपाय म्हणजे आठवड्याभरात विकून मोकळं होता येईल अशी वस्तू. एकाच खरेदीत दोन्ही मिळत नाहीत, आणि बोट-कॅरॅव्हॅनच्या जाहिरातींत हे कुणी सांगत नाही.

बोट

इथे बोट म्हणजे बहुतेक वेळा नॅरोबोट. रुंदी जेमतेम सात फूट, कारण जुन्या कालव्यांची लॉकच (पाण्याची पातळी वर-खाली करणारी दारं) तेवढी. लांबी 72 फुटांपर्यंत, पण 57 फुटी बोट जवळजवळ सगळीकडे जाते म्हणून तिला मागणी जास्त. बरी वापरलेली बोट साधारण 40 हजार पौंडांच्या पुढे, नवी हवी तर लाखाच्या वर. घराचं कर्ज यावर मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने बोट ही जंगम मालमत्ता, त्यामुळे मिळालं तर कमी मुदतीचं, महागड्या व्याजाचं बोटकर्ज मिळतं.

इंग्लंड-वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे कालवे आणि नद्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते, पुढे तिला नुसतं ट्रस्ट म्हटलंय. तिच्या परवान्याशिवाय बोट पाण्यात ठेवता येत नाही. परवान्यासाठी विमा लागतो आणि दर चार वर्षांनी बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र लागतं. 57 फुटी बोटीचा वर्षाचा परवाना हजार-दीड हजार पौंडांच्या घरात जातो. हे ऐकून लोक खूश होतात. खरा खर्च पुढे आहे, बोट उभी कुठे करायची त्यात.

एक रस्ता म्हणजे कायम फिरत राहायचं. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार स्वतःची ठरलेली जागा नसलेल्या बोटीने एका ठिकाणी 14 दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि फिरणंही खरंखुरं हवं. त्याच दोन पुलांमध्ये पुढे-मागे करत बसलात तर ट्रस्ट परवान्याचं नूतनीकरण अडवतो. वर्षभरात निदान वीसेक मैलांचा पल्ला व्हावा अशी त्यांची अपेक्षा असते. एकट्या जीवाला हे जमतं. मूल शाळेत घातलं की गणित फिसकटतं: शाळा एका जागी, घर दर पंधरवड्याला दुसरीकडे. त्यात एप्रिल 2024 मध्ये अशा फिरत्या बोटींना परवान्यावर 5 टक्के अधिभार सुरू झाला, आणि तो टप्प्याटप्प्याने 2028 पर्यंत 25 टक्क्यांवर न्यायचं ठरलेलं आहे. ट्रस्टचं सरकारी अनुदानही 2027 नंतर दरवर्षी कमी होत जाणार. ती तूट बोटवाल्यांकडून काही प्रमाणात वसूल होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरा रस्ता म्हणजे मूरिंग, बोटीची ठरलेली जागा. इथे मेख आहे. बहुतेक मरीनांमधल्या (बोटी उभ्या करायच्या तळांवरच्या) जागा फुरसतीच्या वापरासाठी असतात. तिथे कायम राहण्याची परवानगी नसते, तरी बरेच जण गुपचूप राहतात, आणि मरीनावाला जोवर डोळेझाक करतो तोवरच ते चालतं. राहण्याची परवानगी असलेल्या जागा मोजक्या, आणि लंडनमध्ये त्यांचं भाडं ऐकलं की फ्लॅटच बरा वाटतो. आणखी वाईट म्हणजे 1983 चा मोबाइल होम्स कायदा काही कॅरॅव्हॅनवाल्यांना जे संरक्षण देतो ते बोटीला नाही. मूरिंगचा करार बहुधा वर्षाचा. मालकाने नूतनीकरण केलं नाही तर बोट तुमची, पण खालचं पाणी तुमचं नाही.

एवढं सगळं असूनही रोजच्या राहण्यात बोट कॅरॅव्हॅनला मागे टाकते, असं माझं मत आहे. पोलादी बांधणी (तळ 10 मिलिमीटर, बाजू 6, वरची केबिन 4 असा आजचा सर्वसाधारण हिशोब), आतून इन्सुलेशन, कोळसा-लाकडाची शेगडी, तीनशे ते सातशे लिटरची पाण्याची टाकी. शेगडी पेटती राहिली तर जानेवारीतही आत बनियनवर बसता येतं. शेजारही चांगला मिळतो. अडलेल्या बोटीला दोरी टाकायला अनोळखी माणूस धावतो.

फक्त या सुखाला रोजची हमाली चिकटलेली आहे. थंडीत आठवड्याला कोळशाचं एखाद-दुसरं पोतं खांद्यावरून आत न्यायचं, राख काढायची, 13 किलोचा सिलिंडर बदलायचा. संडासची कॅसेट, म्हणजे काढता येणारी मैल्याची टाकी, वीसेक लिटरची. दोन माणसांत तीन-चार दिवसांत भरते, ती उचलून सांडपाण्याच्या केंद्रापर्यंत न्यायची, ओतायची, विसळायची. केंद्र दोन मैलांवर असेल तर आधी बोट तिथे हलवायची, तीही ताशी चार मैलांच्या वेगमर्यादेत. कालवा गोठला की तेही बंद. हिवाळ्यात ट्रस्ट दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतो. 2025 च्या उन्हाळ्यात तर पाऊस नसल्याने जलाशय आटले आणि लीड्स-लिव्हरपूलसारखे उत्तरेतले कालवे लांब पल्ल्यापर्यंत बंद झाले. नियम म्हणतो फिरा आणि बंद लॉक म्हणतं थांबा, अशी गत. अशा वेळी ट्रस्ट सवलत देतो, पण कामावर कसं पोचायचं ते तुमचं तुम्ही बघायचं.

मोठा खर्च मात्र दिसत नाही, कारण तो पाण्याखाली असतो. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला डांबर फासावं लागतं, गंज रोखणारे धातूचे ठोकळे बदलावे लागतात. पत्रा झिजून 4 मिलिमीटरच्या खाली गेला तर अनेक विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत, मग वरून नवा पत्रा जोडण्याचं काही हजारांचं काम निघतं. अंगावर येणारे खर्च हे असे, दरमहा न येता एकदम येणारे. भाड्यात अनिश्चितता कमी असते, महिन्याचा आकडा ठरलेला. बोटीत महिना स्वस्त आणि एखादं वर्ष महाग. गाठीला निदान पाच हजार पौंड बाजूला नसतील तर बोटीच्या फंदात पडू नका.

कॅरॅव्हॅन, पण कुठली?

कॅरॅव्हॅन म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडतात.

पहिली, गाडीमागे ओढायची टूरिंग कॅरॅव्हॅन, किंवा तिचीच बहीण मोटरहोम. वापरलेली कॅरॅव्हॅन पाच-दहा हजारांत बरी मिळते. डिसेंबर 2021 पासून साध्या कार परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची ओढता येते. घ्यायला सोपी, विकायला त्याहून सोपी. रोजचं राहणं मात्र चिमटीत. पाण्यासाठी 40 लिटरचं लोळवत न्यायचं पिंप असतं. ते नळावर भरा, गवतातून ढकलत आणा, दोघांच्या अंघोळीत ते संपतं. भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर पातळ पत्रा. एकदा सांध्यातून पाणी शिरलं की लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही, म्हणून ओल मोजायचं यंत्र लावल्याशिवाय जुनी कॅरॅव्हॅन घ्यायचीच नाही. त्यात आपला स्वयंपाक. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागतं, आणि माशाचा वास गाद्यांत मुरतो तो शनिवारपर्यंत. खिडकी उघडी ठेवावी तर उष्णता जाते. सिलिंडरही बघून घ्या: ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायलाच तयार नसतो, थंडीत प्रोपेनच हवा. आणि बोट असो की कॅरॅव्हॅन, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. खासगी बोटींना तो 2019 पासून सक्तीचा आहे.

ती उभी कुठे करायची? कॅरॅव्हॅन क्लबांच्या पाच-पाच गाड्यांच्या छोट्या शेतजागा स्वस्त असतात, पण तिथे एका वेळी 28 दिवसांच्या वर राहता येत नाही. रस्त्याकडेला गाडीत राहणारे लोक ब्रिस्टलमध्ये शेकड्यांनी आहेत. रस्त्यावर झोपणं हा आपोआप गुन्हा होत नाही, पण पार्किंगचे स्थानिक नियम असतात आणि शेजारी तक्रारी करतात. परक्या जमिनीवर परवानगीशिवाय राहून, जा म्हटल्यावरही न हलणं हा मात्र 2022 च्या कायद्यापासून काही परिस्थितींत फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यात गाडी म्हणजे घरच जप्त होऊ शकतं.

दुसरी गोष्ट, हॉलिडे पार्कमधली स्टॅटिक, म्हणजे एका जागी कायम उभी, कॅरॅव्हॅन. इथे सावध राहा. समुद्रकिनारी, दोन खोल्यांची, अगदी घरासारखी, आणि किंमत फ्लॅटच्या पाव हिश्श्याने. विक्रेता हसून म्हणतो, "वर्षाचे अकरा महिने वापरा की!" पण परवाना सुट्टीपुरता असतो. तुमचं मुख्य घर दुसरीकडे आहे अशी कराराची अट असते आणि त्याचा पुरावा मागतात. तिथे कायम राहताय हे उघड झालं तर करार रद्द. जागेचं वार्षिक शुल्क काही हजारांत, कॅरॅव्हॅन ठरावीक वर्षांची झाली की ती पार्कातून काढायची, आणि परत विकायला गेलात तर पार्क देईल ती कवडीमोल किंमत. आर्थिक अडचणीतून सुटायला हा पर्याय घेणं म्हणजे खड्ड्यातून निघून विहिरीत उडी.

तिसरी, राहण्याचा परवाना असलेलं पार्क होम. दिसायला हॉलिडे पार्कमधल्यासारखंच, कायद्याने पूर्ण वेगळं. 1983 च्या कायद्याचं संरक्षण आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय मालक हाकलू शकत नाही. जुलै 2023 पासून जागाभाड्याची वाढ ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधली आहे; आधी ती जास्त वेगाने चढणाऱ्या किरकोळ किंमत निर्देशांकाशी होती. विजेचे पैसे मालक स्वतः देतो त्यापेक्षा जास्त दराने लावू शकत नाही. विकताना किमतीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम जागामालकाला जाते, ते डोक्यात ठेवून किंमत करा. भाडंवाढीची भीती असेल तर या सगळ्या यादीत हा एकच पर्याय खरा आधार देतो. अडचण ही की अनेक पार्क 45-50 च्या खालच्यांना आणि लहान मुलांना घेतच नाहीत. म्हणजे ज्याला सगळ्यात गरज, त्यालाच दार बंद. आईवडील निवृत्त होऊन इथे स्थायिक असतील तर त्यांच्यासाठी विचार करण्यासारखं.

व्हिसावर असाल तर

हे आपल्या लोकांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण इथल्या इंग्रजी सल्ल्यांत ते सहसा नसतं. मूरिंगचं किंवा कॅरॅव्हॅनच्या जागेचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यात धरलं जातं, त्यामुळे इथला नागरिक बेकार झाला तर त्याला थोडा टेकू मिळतो. कामाच्या व्हिसावर "सरकारी निधीचा लाभ नाही" असा शिक्का असतो. तो टेकू तुम्हाला नाही. शिवाय नोकरी गेली तर नवीन प्रायोजक (व्हिसासाठी नाव लावणारी कंपनी) शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. साठ दिवसांत चांगल्या किमतीला बोट विकणं नशिबाचा खेळ आहे, नोव्हेंबरात तर विचारूच नका. घाईत विकणाऱ्याच्या बोटीचा तळ गिऱ्हाईक जास्त बारकाईने तपासतं.

पत्त्याचंही आहे. दवाखान्यात नाव घालायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. पुरावा मागून अडवलं तर नियम दाखवा. फिरत्या बोटवाल्यांना स्थानिक संबंध जाहीर करून मतदार यादीत नाव घालता येतं, आणि राष्ट्रकुलातले म्हणून इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मतदान आहे. पण बँक, गाडीचा विमा, ड्रायव्हिंग परवाना आणि व्हिसाची कागदपत्रं यांना टपाल पोचेल असा पक्का पत्ता हवाच. कुणा नातलगाचा पत्ता देणार असाल तर त्यांना आधी विचारा. त्यांच्या काउन्सिल टॅक्सची (स्थानिक घरपट्टीची) सवलत त्यामुळे अडकू शकते.

मग घ्यायचं काय?

कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेली, काम घरून, मूल नाही, अंगात हमालीची रग आणि बँकेत राखीव पैसे: बोट घ्या, आणि मिडलंड्समध्ये (इंग्लंडच्या मधल्या भागात) राहण्याची परवानगी असलेलं मूरिंग आधी पक्कं करून मगच बोट शोधा. उलट क्रमाने जाणारे लंडनच्या कालव्यात दर पंधरा दिवसांनी जागा हुडकत फिरतात.

नोकरी डळमळीत आणि व्हिसा कामाचा असेल तर दोन्ही नको, एखादी खोली वाटून घ्या. फारच झालं तर सहा महिन्यांपुरती टूरिंग कॅरॅव्हॅन, एप्रिल ते सप्टेंबर, ओळखीच्या शेतावर, शेतकऱ्याला तशी परवानगी आहे ना ते बघून. शाळेतली मुलं असतील तर भाड्याचंच घर ठेवा आणि बोट आठवड्याभरासाठी भाड्याने घ्या, तीही फेब्रुवारीत. जुलैमध्ये सगळ्याच बोटी सुंदर असतात.

खरेदीवर आलातच तर दोन कागद विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका. बोटीसाठी तिला पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरने दिलेला पत्र्याच्या जाडीचा अहवाल. त्यावर हजारभर पौंड गेले तरी चालतील, आणि सर्व्हेअर विक्रेत्याने सुचवलेला नको. कॅरॅव्हॅनसाठी पार्कच्या परवान्याची प्रत, ती पार्कच्या कचेरीतून नको, स्थानिक काउन्सिलकडून मागवा. त्यावर "हॉलिडे" लिहिलंय की "रेसिडेन्शियल", ते बघूनच बयाणा द्या.