वाचकाच्या निवडीवर चालणाऱ्या साहसपुस्तकाचे मुद्रितशोधन : नवी पेठेतील एका सेवेविषयी

आमचे कल्पनारम्य साहसपुस्तक छपाईला देण्यापूर्वी आम्ही सोलापुरात नवी पेठेतील एका छोट्या कार्यालयाकडे मुद्रितशोधनासाठी सोपवले. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक ही त्यांची नेहमीची कामे. वाचकाने प्रत्येक वळणावर निवड करून सांगितलेल्या क्रमांकाच्या परिच्छेदाकडे जायचे, असे पुस्तक त्यांच्याकडे प्रथमच आले होते. तरीही काम उत्तम झाले.

अशा पुस्तकात ऱ्हस्व-दीर्घाची चूक वाचकाला खटकते, पण क्रमांकाची चूक त्याचा रस्ताच बंद करते. पुढचे सहज वाचता येऊ नये म्हणून परिच्छेद मुद्दाम विस्कटून छापलेले असतात, त्यामुळे नुसते ओळीने वाचत गेल्यास ही चूक सहसा सापडत नाही. तेथील मुद्रितशोधक बाईंनी एका मोठ्या ड्रॉइंग पेपरवर सगळे परिच्छेद मांडून प्रत्येक निवडीचा बाण काढला, आणि बुरुजावरच्या परिच्छेद १९ च्या शेवटी ‘९१ वर जा’ ऐवजी ‘१९ वर जा’ असे पडल्यामुळे वाचक तिथेच फिरत राहणार होता, हे त्या बाणांवरून लगेच दिसले. एकही बाण न पोहोचणारे परिच्छेदही असेच हाती लागले. एका वाटेने गेल्यास आधीच मेलेला पहारेकरी पुढे दारात उभा राहून बोलतो, ही विसंगतीही त्यांनीच दाखवली.

मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची व्याकरणातील सूचना. मूळ मजकुरात वाचकाला ‘तू’ म्हटले होते, म्हणजे ‘तू पोहोचलास’ असे लिहिताच पुस्तक वाचणारी मुलगी गोष्टीबाहेर पडत होती. ‘तुम्ही पोहोचलात’, ‘तुम्ही दार उघडता’ ही रूपे मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतात. संपूर्ण पुस्तक तसे बदलताना ‘तुम्ही थकलेले आहात’ यासारखी पुल्लिंगी रूपाची वाक्ये मात्र एकेक करून ‘तुम्हाला थकवा आला आहे’ अशी फिरवावी लागली, आणि ते कष्ट त्यांनी न कुरकुरता घेतले.

शुद्धलेखनासाठी त्यांनी १९६२ चे आणि १९७२ मध्ये भर पडलेले, असे मराठी साहित्य महामंडळाचे नियम काटेकोरपणे पाळले. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना जागोजागी ‘पायर्या’ आणि ‘दर्या’ झालेले शब्द त्यांनी पुन्हा ‘पायऱ्या’ आणि ‘दऱ्या’ केले.

एका गोष्टीवर माझा स्पष्ट आक्षेप आहे. विणकर पात्राच्या तोंडचे ‘काय करलालाव’ हे सोलापुरी बोलणे त्यांनी प्रमाण मराठीत बदलून टाकले. निवेदनाला लागू होणारे नियम संवादाला लावू नयेत, हे सांगितल्यावर त्यांनी ते पूर्ववत केले. पण असे बदल करण्यापूर्वी लेखकाला विचारायला हवे होते. मुदतही थोडी लांबली.

तेथे काम द्यायचे असल्यास परिच्छेदांच्या क्रमांकांबरोबर वाचकाला वाटेत मिळणाऱ्या वस्तूंची यादीही द्यावी, आणि दुसरे मुद्रित (प्रूफ) तपासून झाल्यावर एकही परिच्छेद मध्ये घालू नये, कारण मग पुढचे क्रमांक सरकतात आणि सगळे बाण पुन्हा तपासावे लागतात.