नेमबाजीसाठी नंबरचा संरक्षक चष्मा: कुणी कोणता निवडावा

'मला नंबर आहेच, त्यामुळे डोळ्यावर काच असतेच' हे वाक्य रेंजवर ऐकलं की मला काळजी वाटते. रोजच्या चष्म्याची काच वाचण्यासाठी बनवलेली असते, मार सोसण्यासाठी नाही. अमेरिकेत रोजच्या काचेची जी चाचणी होते तिच्यात सुमारे १६ मिमीचा पोलादी गोळा १२७ सेंमी उंचीवरून काचेवर सोडतात. तो धक्का जेमतेम ०.२ ज्यूलचा असतो. तिथल्याच झेड८७-प्लस या संरक्षक मानकात ६.३५ मिमीची पोलादी गोळी सेकंदाला ४५.७ मीटर वेगाने काचेवर मारतात, म्हणजे १.१ ज्यूल. पाचपटीहून जास्त. युरोपच्या ईएन १६६ या जुन्या संरक्षक मानकात काड्यांच्या चष्म्याला मिळू शकणारी सगळ्यात वरची श्रेणी 'एफ' आहे, आणि तिचाही वेग ४५ मीटरच.

आता दुसरी बाजू. १० मीटर एअर रायफलचा छर्रा साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने निघतो आणि त्यात सात ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. सरळ आलेला छर्रा अडवण्याचं वचन चष्म्यावरचे या मानकांचे शिक्के देत नाहीत. चष्मा आहे तो उलटून आलेल्या शिशाच्या तुकड्यासाठी, शेजारच्या लेनमधून उडालेल्या काडतुसाच्या गरम पुंगळीसाठी, पुंगळी फुटून मागे येणाऱ्या वायूसाठी, आणि स्कीटच्या (ट्रॅपसारखाच हाही उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीचा प्रकार) आठव्या स्टेशनवर अंगावर पडणाऱ्या क्लेच्या, म्हणजे फुटलेल्या तबकडीच्या, ठिकऱ्यांसाठी. इजा बहुतेक वेळा अशाच गोष्टींनी होते, म्हणून बाजूने आणि भुवईकडून किती झाकलं जातं याला काचेइतकंच महत्त्व आहे.

आधी काच ठरवा

नंबर मोठा असेल तर दुकानात १.६७ किंवा १.७४ अपवर्तनांकाची 'पातळ काच' सुचवली जाईल. रोजच्यासाठी खुशाल घ्या, नेमबाजीसाठी नको. इथे खरी निवड पॉलिकार्बोनेट आणि ट्रायव्हेक्स या दोन प्लास्टिकच्या काचांतच आहे. मार सोसण्यात दोन्ही भरवशाच्या, अतिनील किरण दोन्ही अडवतात. पॉलिकार्बोनेट थोडी पातळ बनते आणि सहज मिळते. ट्रायव्हेक्स वजनाला हलकी, किंचित जाड, आणि तिच्यातून दिसतं जास्त स्वच्छ.

हा स्वच्छपणा नेमबाजाला इतरांपेक्षा जास्त का लागतो, ते सांगतो. रायफल गालाला लावली की डोकं पुढे झुकतं आणि नजर काचेच्या मधून न जाता वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. समजा नंबर उणे ४ आहे आणि नजर मध्यापासून १ सेंमी सरकली. तिथे ४ प्रिझम डायॉप्टर (प्रकाश किती वळतो याचं माप) तयार होतात. याला काचेच्या ॲबे आकड्याने (तो जितका मोठा, तितके रंग कमी फाकतात) भागलं की कडांवर दिसणाऱ्या रंगीत झालरीचं माप मिळतं. पॉलिकार्बोनेटचा ॲबे ३० धरला तर ०.१३ येतं, ट्रायव्हेक्सचा ४४ धरला तर ०.०९. साधारण ०.१ च्या पुढे ही झालर डोळ्याला खुपायला लागते. म्हणून उणे किंवा अधिक ३ च्या पुढचा नंबर आणि रायफल, असा मेळ असेल तर ट्रायव्हेक्सचाच आग्रह धरा. दीड-दोनच्या नंबरला हा फरक जाणवणारही नाही. तिथे पॉलिकार्बोनेट पुरेशी आहे. फक्त बंदूक साफ करायची द्रावणं तिच्यापासून लांब ठेवा, त्यांनी तिला बारीक तडे जातात.

नंबर थेट काचेत, की मागे इन्सर्ट?

बहुतेकांचा निर्णय इथेच अडतो. थेट नंबरच्या काचांमध्ये डोळ्यासमोर एकच काच येते. वाफ कमी धरते, प्रतिबिंबं कमी पडतात, पुसायला सोपी. माझं मत स्पष्ट आहे: मध्यम नंबर आणि बेताचा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) असेल तर हाच पर्याय घ्या. एक अट मात्र आहे. चेहऱ्याला गोलाईने बिलगणाऱ्या फ्रेममध्ये काच तिरकी बसते, त्यामुळे नंबर त्या तिरपेपणाचा हिशेब करूनच घासावा लागतो. हे काम न जाणणाऱ्याकडून करून घेतलं तर जमीन कलल्यासारखी वाटते. नंबर मोठा असेल तर कमी गोलाईची, बाजूला आडोसे असलेली फ्रेम बरी. आणि शिक्का फ्रेमवर आणि काचेवर, दोन्हीकडे तपासा; नंबरच्या संरक्षक फ्रेमवर झेड८७-२ अशी खूण असते. साध्या फ्रेममध्ये मजबूत काच बसवली तर मार बसल्यावर काच अख्खीच्या अख्खी निसटून डोळ्यावर येऊ शकते.

इन्सर्टमध्ये पुढे बिननंबरची मजबूत ढाल आणि मागे नंबरच्या छोट्या काचा. नंबर बदलला की फक्त इन्सर्ट बदलायचं, प्रकाश बदलला की फक्त ढाल. त्या मानाने स्वस्तही पडतं. पण चार पृष्ठभाग पुसावे लागतात, दोन काचांमध्ये वाफ धरते, पापण्या टेकतात. छोट्या काचेची कड ट्रॅपमध्ये क्लेचा पाठलाग करताना नेमकी आड येते. मोठ्या नंबरला आणखी एक अडचण: इन्सर्ट डोळ्यापासून किती लांब बसतं त्यावर परिणामी नंबर बदलतो, आणि ४ च्या पुढे हा बदल जाणवतो. स्थिर लक्ष्यावर अधूनमधून सराव करणाऱ्याला इन्सर्ट चालतं. रोज सराव करणाऱ्याला मी सुचवणार नाही.

रोजच्या चष्म्यावर चढवायचा मोठा चष्मा पहिल्या चार-सहा दिवसांसाठी ठीक. गाल बंदुकीला लावताच तो हलतो, पण नवशिक्याने डोळ्यांवर संरक्षण न घालण्यापेक्षा तो हजारपट चांगला.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि बिननंबरची ढाल

ट्रॅप आणि स्कीटसाठी माझी पहिली पसंती हीच. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे कोपऱ्यातून पाहण्याचा प्रश्नच राहत नाही. ढालही हवी तेवढी मोठी घेता येते, रंग हवा तसा बदलता येतो. हिरव्या पार्श्वभूमीवरची केशरी क्ले शेंदरी किंवा गुलाबी छटेत उठून दिसते, लख्ख उन्हात राखाडी बरी, ढगाळ दिवशी पिवळी. लेन्स स्वतः काहीच संरक्षण देत नाही, हे मात्र विसरू नका.

रायफलवाल्यांना इथे अडचण येते. नेम धरताना आपण पापणी मिटणं लांबवतो, लेन्स सुकते, आणि नेमक्या त्या क्षणी चित्र धूसर होतं. सिलिंडरची लेन्स प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरताना, मान कलती राहिली की थोडी फिरूही शकते.

माशीचा नंबर वेगळा असतो

पिस्तूल आणि उघड्या साइटच्या रायफलीत नजर लक्ष्यावर नको, माशीवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाच्या साइटवर, हवी. दूरच्या नंबराने लक्ष्य स्वच्छ दिसतं आणि माशी पुसट. चाळिशी लागल्यावर हे फारच छळतं. उपाय गणिताचा आहे. पिस्तुलाची माशी डोळ्यापासून ७० सेंमीवर असेल तर तिथे पूर्ण स्वच्छ पाहायला अधिक १.४ लागेल, त्याच्या निम्मं, म्हणजे सुमारे अधिक ०.७५, दूरच्या नंबरात मिळवलं की माशी धारदार होते आणि लक्ष्यही ओळखण्याइतकं राहतं. रायफलीची माशी १ मीटरवर असेल तर अधिक ०.५०. उणे ३ चा नंबर पिस्तुलासाठी उणे २.२५ होईल. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचा इथे अजिबात नकोत. माशी दिसावी म्हणून हनुवटी वर जाते आणि सगळी ठेवणच बिघडते.

याच गरजेतून चॅम्पियन, नोब्लॉख अशा कंपन्यांच्या मॅच फ्रेम, म्हणजे स्पर्धेसाठीच्या फ्रेम, आल्या. एकच छोटी गोल काच, नजरेच्या रेषेला काटकोनात फिरवून बसवता येणारी. नेमाच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही. पण ती काच ३७ किंवा ४२ मिमीची असते, बाजू उघड्या राहतात, आणि मारापासून वाचवणं हा त्या फ्रेमचा हेतूच नाही. घ्यायचीच असेल तर काच ट्रायव्हेक्सची घालून घ्या आणि बाजूचे आडोसे नियमात बसतील तेवढे लावा. एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्याने मात्र स्पर्धेचे गुण बाजूला ठेवून दोन्ही डोळे झाकणारी संरक्षक फ्रेमच घ्यावी, त्यातच माशीचा नंबर घालावा.

नंबर तपासायला जाताना माशीचं अंतर कुणाकडून तरी टेपने मोजून घेऊन जा, कारण डॉक्टरांच्या खोलीत हात पुढे करून केलेला अंदाज दहा-पंधरा सेंमीने सहज चुकतो. फ्रेम निवडताना बंदूक गालाला लावतो तशी मान झुकवून पाहा: वरची कड नजरेत येत असेल तर ती फ्रेम तुमची नाही. भुवई आणि फ्रेम यांच्यामध्ये बोट सहज जात असेल, तर गरम पुंगळीही जाईल.