संभाजीनगर दोन दिवस : एजन्सीला दीड स्टार, ड्रायव्हरला साडेचार

2003 ते 2006 मी विद्यापीठाच्या होस्टेलला होतो, तेव्हाचं ते औरंगाबाद, आणि जीभ अजून अधूनमधून तिकडंच घसरते. अंबाजोगाईहून जाऊ जाऊ म्हणत वीस वर्षं गेली. कामाला कितीदा गेलो असेन, पण ते जाणं म्हणजे स्टँडवर उतरायचं, सही घ्यायची, परत फिरायचं. या वेळी ठरवलंच की फिरायला जायचं. पाडव्याच्या आधीचा आठवडा, ऊन अजून अंगावर येत नाही, पोराला दोन दिवस शाळेला दांडी आणि सोबत बायको न् आई.

एसटीत आईला आणि बायकोला अर्धं तिकीट, पोरालाही अर्धंच, पूर्ण तिकिटाचा धनी घरात मी एकटा. शहागडच्या पुलावर आईनं खिडकीतून गोदावरीत रुपया टाकला आणि मग गाव येईपर्यंत झोपली.

आता मुद्द्याचं. रिव्ह्यू आहे गाडीचा. फोनवर एका ट्रॅव्हल एजन्सीकडून 'एका दिवसात पूर्ण दर्शन' असं पॅकेज घेतलं होतं, 3200 रुपये, त्यात देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, बीबी का मकबरा, पाणचक्की आणि वर 'हिमरू फॅक्टरी व्हिजिट'. मी वार विचारला नाही ही माझी चूक, पण बुकिंग मंगळवारचं घेणाऱ्याला तरी कळायला नको का? सकाळी साडेसातला गाडी लॉजखाली आली, डिकीत पिशवी टाकता टाकता ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आज मंगळवार आहे, वेरूळ बंद राहतंय, तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?" (अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. मी तीन वर्षं या गावात काढली आणि हेच विसरलो!) एजन्सीला फोन लावला तर समोरून उत्तर, "बाहेरून बघून घ्या ना." कैलास लेणं बाहेरून बघून घ्या!

शेवटी ड्रायव्हरनंच तोडगा काढला. मंगळवारी देवगिरी आणि गावातलं, बुधवारी वेरूळकडचं सगळं. एजन्सीनं दुसऱ्या दिवसाचे 2600 वेगळे लावले ते लावलेच.

खरं सांगू, झालं ते बरंच झालं. ही सात ठिकाणं एका दिवसात म्हणजे फक्त गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा आणि परत बसायचं. देवगिरीलाच आमचे चार तास गेले. आई चाँदमिनारपर्यंत आली, 200 फुटांच्या वर उंच असलेला तो मिनार मान मोडेस्तोवर बघितला आणि म्हणाली, मी गाडीत बसते, तुम्ही या जाऊन. आम्ही पुढं खंदकावरून आत, अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात. तिथला एक माणूस टॉर्च घेऊन पुढं, वटवाघळांचा तो वास, पायऱ्या लहानमोठ्या, मुद्दाम शत्रूचा पाय चुकावा म्हणून तशा केलेल्या. त्यानं मधेच टॉर्च बंद केला तसं माझं दहा वर्षांचं वाघराचं पिल्लू माझ्या शर्टाला लटकलं ते वर बारादरी येईपर्यंत सुटलं नाही. महंमद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची राजधानी इथं का आणली ते वर गेल्यावर आपोआप कळतं, चहूकडं नुसतं दिसतं. पाणी घेऊन जा मात्र. खाली आलो तर आई आणि ड्रायव्हर गाडीच्या सावलीत मीठ-तिखट लावलेली काकडी खात बसलेले, आणि तोवर तिनं त्याच्या घरी किती माणसं, पोरगी कितवीला, सगळं काढून घेतलेलं.

मकबरा संध्याकाळी बघा, दुपारी अजिबात नको. लोक 'गरिबांचा ताज' म्हणून नाक मुरडतात, मला ते कधीच पटलं नाही. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह, त्यानं आईसाठी, दिलरस बानूसाठी बांधलेला. जवळ जाऊन हात लावून बघा, संगमरवर खाली कमरेएवढा, त्याच्या वर बराचसा चुन्याचा गिलावा, पण गिलाव्यातली ती वेलबुट्टी बघत मी होस्टेलच्या दिवसांत कितीतरी संध्याकाळी इथं बसलोय. तिकीट 25 रुपये होतं, पोराला फुकट. पाणचक्की दहा मिनिटांत उरकली, पाण्याजवळ गार वाटलं एवढंच.

आणि मग ती 'हिमरू फॅक्टरी'. पॅकेजमध्ये आहे म्हणजे न्यावंच लागतं, नाहीतर एजन्सी ड्रायव्हरचे पैसे कापते. आत एक माग, त्यावर एक म्हातारे काका दोन मिनिटं विणून दाखवतात, मग पडदा सरकतो आणि पलीकडं दुकान. बायकोनं एक निळी शाल हातात धरली, किंमत 1800. ड्रायव्हर दारातून आत आला, काउंटरवरचा माणूस पाठमोरा असताना हळूच म्हणाला, "वहिनी, उलटी करून बगा." उलटी केली तर मागची बाजूही पुढच्यासारखीच गुळगुळीत. खऱ्या हिमरूला सुती ताण्यात (उभ्या धाग्यांत) रेशमाचा जादा बाणा (आडवा धागा) विणलेला असतो, त्याचे सुटे धागे मागं लोंबताना दिसतात. हे नुसतं छापील कापड होतं. शाल आम्ही परत ठेवली, त्याचं कमिशन गेलं, तरी गाडीत बसल्यावर तो एक शब्द बोलला नाही. त्याचे साडेचार स्टार तिथंच पक्के झाले. अर्धा कापला कारण फोनवर बोलत गाडी चालवतो.

बुधवारी वेरूळ. सकाळी उघडायच्या वेळेला हजर राहा, नऊनंतर सहली येतात आणि कैलासात नुसत्या शिट्ट्या. तिकीट 40. वाटेत पळस फुललेला होता, माळ सगळा वाळलेला आणि मधेच हा एवढा भगवा. 34 लेण्यांपैकी आम्ही बारा-तेराच केली. 16 नंबरला लोक जातातच, माझं सांगणं की 10 नंबर चुकवू नका, सुताराचं लेणं. दगडात लाकडाच्या वाशांसारख्या कमानी कोरल्यात. आई आत बुद्धासमोर उभी राहिली आणि सवयीनं "रामकृष्णहरी" म्हणाली, तर आवाज वर जाऊन घुमत राहिला, ती दचकली, इकडं तिकडं बघितलं, मग परत म्हणाली, मुद्दाम, जरा मोठ्यानं. पाचसहा वेळा तरी. आम्ही बाहेर जाऊन बसलो.

घृष्णेश्वराला पुरुषांना शर्ट-बनियन काढून आत जावं लागतं, लक्षात ठेवा. पोरगं लाजून बाहेरच थांबलं.

खाण्याचं थोडक्यात, आई सोबत म्हणून नान-खलिया (मटणाचा रस्सा आणि नान) राहिला, त्याची सल आहे. गुलमंडीवर मात्र रात्री गरम इमरती खाल्ली, उडदाची, तुपातली, कडेनं कुरकुरीत. गुलमंडीला गाडी नेऊ नका, क्रांती चौकाकडून रिक्षा करा. रस्ते पाइपलाइनसाठी उकरलेले आहेत, आणि लॉजच्या बाथरूममध्ये 'पाणी जपून वापरा' अशी पाटी आहे, ती गंमत म्हणून लावलेली नाही.

पुढच्या वेळी एजन्सी नाहीच. ड्रायव्हरचा नंबर आईनं स्वतःच्या फोनमध्ये 'काकडी' म्हणून सेव्ह करून ठेवलाय. निघताना पाव किलो इमरती शेजारच्यांसाठी बांधून घेतली होती, ती बीड यायच्या आत संपली.