१.२ म्हणून ९९८ सीसीची गाडी गळ्यात मारली. जुनी वॅगन आर घेणाऱ्यांनी वाचा

सरळ मुद्द्यावर येतो. ४ लाख ६२ हजार रुपये मोजून मी १.२ लिटर इंजिनची वॅगन आर घेतली आणि दारात उभी आहे ती १.० लिटरची. गाडी चोरीची नाही, कागद खोटे नाहीत, मीटर मागे फिरवलेला नाही, फक्त सांगितलं एक इंजिन आणि दिलं दुसरं. लोक विचारतात, अरे इंजिन बघून घेत नाहीत का. बघून घेतलं होतं हो. बॉनेट उघडून पाच मिनिटं उभा होतो. पण आपण मेकॅनिक नाही, वरून काळं प्लास्टिक आणि एअर फिल्टरचा डबा दिसतो, त्याच्या खाली तीन सिलिंडर आहेत की चार हे मला कसं कळणार.

गाडी का हवी होती तर घरात आम्ही पाच जण. आईचे गुडघे दुखतात, खाली वाकून बसायच्या गाडीत तिला त्रास होतो, म्हणून उंच सीटवाली वॅगन आर ठरवली. आणि इंजिनचा अभ्यास मी केला होता, उगाच उठून गेलो नव्हतो. २०१९ ला जे नवीन मॉडेल आलं त्यात दोन इंजिनं आहेत, एक ९९८ सीसी तीन सिलिंडरचं, म्हणजे १.०, आणि एक ११९७ सीसी चार सिलिंडरचं, म्हणजे १.२. टॉर्क, म्हणजे गाडी ओढायची ताकद, ९० न्यूटन मीटर आणि ११३ न्यूटन मीटर. एकट्या माणसाला शहरात ऑफिसला जायला १.० पुरतं, मी त्याला वाईट म्हणतच नाही, पण पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर घाट असेल तेव्हा हा वरचा फरक पायाला कळतो. आम्हाला वर्षातून चार वेळा गावी जायचं असतं, वाटेत घाट आहे, म्हणून १.२ च पाहिजे हे मी जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या डीलरला पहिल्या फोनमध्ये सांगितलं होतं. पहिल्या फोनमध्ये!

आणि बरोबर तिथेच त्याने मला पकडलं. कारण २०१९ च्या गाड्यांत तीन प्रकार, एलएक्सआय म्हटली की १.०, झेडएक्सआय म्हटली की १.२, पण व्हीएक्सआय दोन्ही इंजिनांत मिळायची. बाहेरून तीच गाडी. मागे व्हीएक्सआय लिहिलंय एवढं बघून काहीही कळत नाही, हे लक्षात ठेवा. माझ्या गाडीला तर मागे १.२ असा चकचकीत बॅजसुद्धा होता. बॅज कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतो, त्यावर एक रुपयाचाही विश्वास ठेवू नका.

त्याने ४ लाख ८५ हजार सांगितले, ४ लाख ६२ ला सौदा ठरला, २१ हजार टोकन त्याच दिवशी. वर ट्रान्सफरचे म्हणून १२,५०० वेगळे. ५४ हजार किलोमीटर चाललेली, एकच मालक, सर्व्हिस रेकॉर्ड होतं. टेस्ट ड्राइव्हला तो स्वतः शेजारी बसला, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर, गाडीत आम्ही दोघेच, एसी बंद. म्हणाला एसीचा गॅस भरायचाय साहेब, डिलिव्हरीच्या आधी भरून देतो. सिग्नलला उभे होतो तर स्टेअरिंगला बारीक थरथर जाणवत होती, मी विचारलं हे काय, तर म्हणे इंजिन माउंट घासलंय, तेवढ्याचे तीन हजार कमी करतो. मी खूश. ती थरथर तीन सिलिंडर इंजिनची होती हे आता कळतं. माउंट मी नंतर ४,८०० देऊन बदलून पण घेतलं, थरथर तशीच.

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी कार्ड, मागितली तर व्हॉट्सॲपवर पुढच्या बाजूचा फोटो आला. मागची बाजू नंतर पाठवतो म्हणाला आणि पाठवली नाही. ओरिजिनल ट्रान्सफरच्या फाइलला लावलीय म्हणे. मी मालकाचं नाव आणि नंबर जुळवला, चलन बाकी आहे का तपासलं, लोन आहे का तपासलं. जे सगळे सांगतात ते सगळं केलं. क्युबिक कपॅसिटी, म्हणजे इंजिन किती सीसीचं ते, बघा असं मला कोणी म्हणजे कोणीही सांगितलं नव्हतं. आणि त्याच फोटोत इंजिन नंबर होता, के१०बी ने सुरू होणारा. १.२ चा असता तर के१२एम ने सुरू झाला असता. तो फोटो अकरा दिवस माझ्या मोबाइलमध्ये पडून होता.

पण खरा सल वेगळा आहे. डिलिव्हरीच्या दिवशी इन्शुरन्स पॉलिसीचा कागद त्याने माझ्यासमोर टेबलावर ठेवला. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा प्रीमियम, २,०९४ रुपये. हा आकडा मी वाचला. बोट ठेवून वाचला. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि जून २०२२ मध्ये खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७ असा तो ठरला होता. म्हणजे ११९७ सीसीच्या गाडीला २,०९४ येऊच शकत नाही. कागदच ओरडून सांगत होता की ही हजारच्या आतली गाडी आहे. मी काय केलं? म्हणालो, अरे वा, एवढाच? त्यावर तो शांतपणे म्हणाला, नो क्लेम बोनस आहे साहेब. आणि मी मान डोलावली. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, थर्ड पार्टीवर लागतच नाही, तो ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर लागतो, आणि जुन्या मालकाचा बोनस नव्या मालकाला मिळत पण नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. एका वाक्यात त्याने दोन खोट्या गोष्टी सांगितल्या आणि मी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळा झालो. बायको बाजूला बसली होती, ती म्हणाली पण होती, घरी नेऊन नीट वाचूया का. मी म्हटलं आता काय वाचायचंय, पैसे दिलेत. ते वाक्य मला रात्री आठवतं.

तिसऱ्या आठवड्यात वाईहून पाचगणीला निघालो, पसरणी घाट. सगळे पाच जण, सामान, एसी चालू. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दम तोडायला लागली, मागून एसटीने हॉर्न वाजवला, एसी बंद करून पहिल्यावर चढवली. आई मागून विचारतेय, गाडीत काही बिघाड आहे का रे. सोमवारी ऑथराइज्ड वर्कशॉपला नेली, क्लच गेला असेल म्हणून. तिथल्या पोराने नंबर टाकला आणि म्हणाला, क्लच ठीक आहे सर, ही के१० आहे, भरल्या गाडीत घाटात अशीच चालणार. मी त्याच्याशी भांडलो की ही १.२ आहे. त्याने जॉब कार्ड फिरवून माझ्यासमोर धरलं.

डीलरला फोन केला. पहिले दोन दिवस उचलला नाही, मग म्हणे जाहिरात टाकणाऱ्या मुलाकडून चूक झाली असेल, आरसी तर तुमच्याच नावावर झालीय ना, त्यात ९९८ लिहिलंय की. फरक तरी द्या म्हटलं, तशाच १.० गाड्या त्या वेळी ३ लाख ९५ ते ४ लाख ५ ला होत्या, म्हणजे ५७ हजार तरी माझे सरळ गेले. तर हसून म्हणाला बिल बघा. बिल कसलं, डिलिव्हरी नोट होती, तिच्यावर फक्त 'वॅगन आर व्हीएक्सआय, जशी आहे तशी'. इंजिनचा उल्लेखच नाही. जाहिरात तोपर्यंत गायब. टोकन द्यायच्या आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा, आत्ता काढा, नंतर काही सापडत नाही. माझ्याकडे वाचला तो एक व्हॉइस मेसेज, त्यात तो स्वतःच्या तोंडाने '१.२ आहे साहेब, फॅमिलीला बेस्ट' म्हणतोय.

आता सरकारी दारांचं ऐका. पोलीस चौकीत गेलो, व्हॉइस मेसेज ऐकवला, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे हे वाचून गेलो होतो. साहेबांनी मेसेज पूर्ण ऐकला पण नाही, हा दिवाणी विषय आहे, ग्राहक कोर्टात जा. अर्ज घेतला, पोच द्यायला दोन फेऱ्या मारायला लावल्या. आरटीओत गेलो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकाऱ्याचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मी खिडकीवर एवढंच विचारलं की याच्याकडे ते आहे का. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावरचे साहेब मीटिंगला. शेवटी एक बाई म्हणाल्या, तुमची आरसी बरोबर आहे, ट्रान्सफर बरोबर आहे, मग तक्रार कसली? अहो, आरसी बरोबर आहे म्हणूनच तर तक्रार आहे! माझी अर्धी रजा तिथे गेली, एकूण साडेतीन दिवस. नियम केलाय तर तपासायचा कोणी? १९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन. माणूस बोलायला चांगला, तक्रारीचा डॉकेट नंबर दिला, आणि काही दिवसांनी मेसेज आला, समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तुम्ही आयोगाकडे जाऊ शकता. बस. तक्रार बंद.

आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही, हे माहीत असू द्या, कारण मला एकाने १५ हजार सांगितले होते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. कायदा म्हणतो की तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. माझ्या दोन तारखा झाल्या, एकदा समोरचा आला नाही, एकदा कामकाजच झालं नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा आरसी दोन्ही बाजूंनी, हातात घेऊन. क्युबिक कपॅसिटी आणि सिलिंडरची संख्या वाचा. स्वतःचा मेकॅनिक न्या, त्याचा नको. घरचे सगळे गाडीत बसवून, एसी लावून, चढावर चालवा, आणि एसी बंद आहे म्हणाला तर उठून या. 'मागची बाजू नंतर पाठवतो' ऐकलंत की टोकन देऊ नका. विक्रीच्या कागदावर इंजिन किती सीसीचं ते त्याच्या हाताने लिहून सही घ्या, जो लिहायला का कू करेल त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

मागचा १.२ चा बॅज मी परवा काढला. नखाने निघाला. खाली नवी कोरी डबल टेप होती, गाडी पाच वर्षांची आणि टेपवर धुळीचा कण नाही. फोटो काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून केसच्या फाइलला लावलाय. पुढची तारीख २३ ची आहे.