थीम पार्कमध्ये भाषांतराचं ॲप: आठ महिने वापरल्यानंतर

परदेशातल्या थीम पार्कमध्ये मराठी गट घेऊन जाण्याचं काम मी करते. गेले आठ महिने फोनमधलं भाषांतराचं ॲप रोज वापरतेय, आणि मिळेल तिथे पार्कचं स्वतःचं यंत्रही. नकाशा, शोच्या वेळा, शौचालयाची पाटी, काउंटरवरची यादी यांच्यासाठी कॅमेरा नुसता समोर धरला की भागतं. जपानी किंवा चिनी पाटीचं मात्र आधी इंग्रजी करून बघावं, मराठीपेक्षा अर्थ नीट लागतो. भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा, गर्दीत नेट हमखास रडतं.

एकदा 'सिंगल रायडर'चं मराठी 'अविवाहित स्वार' असं आलं आणि गटातले काका-काकू ही आपली रांग नव्हे म्हणून मागे फिरले. ती रांग खरं तर रिकामी राहिलेली एकेक सीट भरण्यासाठी असते. वेगवेगळं बसायची तयारी असेल तर कोणीही जावं, बरेचदा नंबरही लवकर लागतो. तेव्हापासून असे दहा-बारा शब्द मी आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवते.

खरी अडचण येते ती राइडच्या तोंडाशी. कितीतरी रोलर कोस्टरवर फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतात. म्हणजे हात आत ठेवा, डोकं मागे टेकवा हे सांगायची वेळ येते, नेमकं तेव्हाच ॲप जवळ नसतं. असलं तरी काय, संगीत आणि किंकाळ्यांमध्ये माइकला धड एक वाक्य पकडता येत नाही. एका पार्कमध्ये सूचना फक्त तिथल्या भाषेत होत्या. माझ्या शेजारच्या काकूंनी पर्स मांडीवरच ठेवली होती, त्यामुळे मांडीवर येणारा सुरक्षेचा बार पूर्ण खाली बसत नव्हता. कर्मचारी दोनदा काहीतरी बोलला, काकूंनी हसून मान डोलावली. शेवटी त्याने पर्सकडे बोट केलं आणि स्वतःच्या मांड्यांवर दोन्ही हात दाबून दाखवले, तेव्हा कुठे उलगडा झाला. माझ्या पोटात गोळा आला होता.

आता रांगेत शिरल्याबरोबर मी सूचनाफलकाचा फोटो काढते आणि हृदयविकार, पाठीचं दुखणं, गरोदरपण, उंची हे सगळं उभ्या उभ्या मोठ्याने वाचून दाखवते. वेळ जातो, पण जाऊ दे.

पार्कने स्वतः केलेली सोय मला ॲपपेक्षा कितीतरी भरवशाची वाटते. हाँगकाँग डिस्नेलँडच्या जंगल रिव्हर क्रूझला कँटोनीज, मँडरिन आणि इंग्रजी अशा तीन वेगळ्या रांगा आहेत. आपली रांग धरा, बोटीवरचा माणूस त्याच भाषेत बोलतो. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये ऐकण्याचं यंत्र मिळतं, त्यावर काही ठरावीक राइड आणि शोचं निवेदन फ्रेंच, जर्मन, जपानी, पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये येतं. यात मराठी नाही, हिंदीही नाही. पण भाषांतर माणसाने आधीच करून ठेवलेलं असतं, म्हणून ते ऐन वेळी दगा देत नाही. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या नावाच्या बिल्ल्यावर त्यांना येणाऱ्या भाषांची खूण असते. अडलात तर फोन काढण्याआधी तो बिल्ला बघा.

अभिप्रायाच्या प्रत्येक अर्जात मी एकच मागणी लिहिते: सुरक्षेच्या सूचना चित्रांतून दाखवा, आणि त्या फोन लॉकरमध्ये जाण्याआधी, रांगेतच.