सोंग-कुलच्या घोड्यांचं सोंग

किर्गिझस्तानात सोंग-कुल नावाचं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून 3,016 मीटरवर. उन्हाळ्यात मेंढपाळ कुटुंबं कळप घेऊन वर चढतात, युर्ट, म्हणजे लोकरी नमद्याचे गोल तंबू, ठोकून राहतात आणि सप्टेंबरात पुन्हा खाली येतात. खिंड ओलांडून घोड्यावरून तिथे जायचं, हे आम्हा तिघा मित्रांचं दोन वर्षांचं खूळ. गेल्या जुलैत गेलो. जाण्याआधी माणशी 63,300 रुपयांना बुडालो, विमानाचं तिकीट वेगळंच.

आम्ही काही डोळे मिटून पैसे दिले नव्हते. उलट नको इतके चौकस होतो, आणि तेच नडलं.

आयोजक इन्स्टाग्रामवर सापडला. मराठीच, लाघवी, पहिल्याच फोनला 'दादा'. राजधानी बिश्केकपासून परत बिश्केकपर्यंत पाच दिवस, घोडा, वाटाड्या, जेवण, मुक्काम धरून 38,000. ते भरले आणि आमचे प्रश्न सुरू झाले. परमिट लागतं का?

"बरं झालं विचारलंत, दादा." दुसऱ्या दिवशी सीमाभागाच्या परमिटचे 4,500.

मी शहानिशाही केली बरं का! किर्गिझस्तानात असं परमिट खरंच असतं. पण ते चीनच्या हद्दीलगतच्या भागासाठी, कोल-सू वगैरे ठिकाणांसाठी. सोंग-कुल सीमेपासून आत आहे, तिथे ते लागत नाही. 'परमिट असतं का' एवढंच मी शोधलं. 'आपल्या वाटेवर लागतं का' हे शोधायचं राहिलं. त्याच्या प्रत्येक थापेत असा एक खरा खडा असायचा.

हेल्मेट मिळेल का? तिथे सहसा मिळत नाही, हे त्याने खरं सांगितलं आणि 'परत मिळणारी' 3,000 अनामत घेतली. विमा? 2,800 आणि लगेच पॉलिसीची पीडीएफ. परत आल्यावर तो नंबर विमा कंपनीला कळवला, तर ती कुणाच्या तरी स्कूटरची पॉलिसी निघाली, तीही मुदत संपलेली. ऐन हंगामात घोडे कमी पडले तर? घोडे राखून ठेवायचे 6,000.

सगळ्यात गंमत प्रशिक्षणाची. आमच्यातला एक जण माथेरानला दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत घोड्यावर बसला होता, एवढीच आमची पुंजी. "आम्हाला जमेल ना?" असं विचारायचा अवकाश, चार रविवारचं शिबिर लागलं, माणशी 9,000, वर 'याच्या प्रमाणपत्राशिवाय तिकडे घोडा देत नाहीत'. पुण्याबाहेरच्या एका शेतावर दोन्ही हातांत लगाम धरून गोल गोल फिरलो. मांड्या सोलल्या, भीती मोडली. ते पैसे मी पूर्ण बुडीत धरत नाही.

सगळे पैसे यूपीआयने गेले, दर वेळी वेगळ्या नावावर. एकदा तर एका किराणा दुकानाच्या नावावर. तेव्हाही आम्ही विचारलं. उत्तर आलं, "जीएसटीचं दादा, वर्षअखेर आहे." पटलं! आज लिहितानाही लाज वाटते.

बिश्केकच्या विमानतळावर गाडी आली होती, तेवढं खरं. चार तासांनी कोचकोर गावातल्या एका घरगुती गेस्ट हाउसपाशी ड्रायव्हरने सामान उतरवलं आणि गाडीभाड्यासाठी हात पुढे केला. घरमालकीणबाईंकडे आमच्या नावाची नोंदच नव्हती. आयोजकाचा फोन बंद. माझा भाचा बिश्केकला एमबीबीएस करतो. महाराष्ट्रातली बरीच पोरं तिथे आहेत. त्याला आधी एक फोन करावा हे सुचलं नव्हतं, कारण 'पोराला काय कळतंय!' त्याच पोराने फोनवरून रशियनमध्ये बाईंशी बोलून रात्रीची सोय केली आणि सकाळी घोडे देणाऱ्या तिथल्याच माणसाशी गाठ घालून दिली.

क्यझार्ट गावातून निघालो. दोन रात्री, तीन दिवस, वाटाड्या धरून झालेला खर्च आम्ही आधी भरलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शातही बसला. प्रमाणपत्र दाखवलं, तर वाटाड्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि हसत परत दिलं. तिकडे लगाम एका हातात धरतात, घोडा चालवायला 'चू' म्हणतात. घोडे बुटके, पण दगडधोंड्यांच्या चढावर एकदाही अडखळले नाहीत. हेल्मेटशिवाय बसायला मात्र जीव घाबरत होता. जुलैतही रात्री हाडं गोठवणारी थंडी. युर्टमधल्या आजींनी घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस पुढे केलं. एका घोटात माझं काम झालं, मित्राने दोन वाट्या रिचवल्या.

म्हणून सांगतो, जाणार असाल तर हेल्मेट इथूनच न्या. विमा स्वतः घ्या आणि घोडेस्वारी व किती उंचीपर्यंतचं संरक्षण आहे ते पॉलिसीत वाचा. आयोजकाकडून तिथल्या माणसाचं नाव आणि नंबर घ्या, त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोला, घोडे बघा. नंबर द्यायला कुरकुर झाली की तिथेच थांबा. जमेल तेवढे पैसे कोचकोरला पोचल्यावर सोममध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, रोख द्या. वर एटीएम नाही. आणि प्रश्न भरपूर विचारा, पण ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यालाच विचारून भागत नाही.

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तोवर पहिला हप्ता जाऊन चार महिने झाले होते, खाती रिकामी. पोलिसांनी तक्रार घेतली आणि ग्राहक आयोगाकडेही जायला सांगितलं. गेलोय, तारीख पडायची आहे.

हे आता लिहायचं कारण म्हणजे ऑफिसातला एक मित्र. परवा त्याने लडाखच्या घोडेसफरीचं बुकिंग मोठ्या हौसेने दाखवलं. पानाचं नाव वेगळं, फोटो वेगळे. उंचीवर ऑक्सिजनची सोय आहे का, असं त्याने आदल्या रात्री विचारलं होतं. खाली उत्तर होतं, "बरं झालं विचारलंत, दादा."